अंगणातला उजेड आणि आक्कांचा व्हिडिओ



हल्ली बऱ्याच जणी मला एक प्रश्न विचारतात. "आक्कांचा व्हिडिओ इतका छान आलाय, लाइट कुठला घेतलात?" आणि लगेच पुढचं वाक्य असतं, "आम्हालाही सासूबाईंचा काढायचाय, पण आधी लाइट आणि स्टँड घेऊ, मग बघू."

या "मग बघू"साठीच आज लिहायला बसले आहे. आम्ही लाइट घेतलाच नाही. जुना फोन, एक पाट, एक धोतर आणि सकाळचं ऊन, एवढंच आमचं सामान होतं. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली तरी जमाखर्च मांडायची सवय सुटलेली नाही, म्हणून सांगते, खर्चाच्या रकान्यात शून्य आहे.

आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. वय सत्त्याऐंशी. त्यांच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला आम्ही एका व्हिडिओवाल्याला बोलावलं होतं. त्याने दिवाणखान्यात दोन मोठे दिवे उभे केले. आक्कांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, प्रखर उजेड त्यांना सोसत नाही. दिवे लागले तशा त्यांनी डोळे मिटले, पदर कपाळावर ओढला आणि म्हणाल्या, "बास कर रे बाबा." दोन तासांच्या त्या व्हिडिओत घरातले सगळे बोलले. आक्का एक वाक्यही बोलल्या नाहीत.

त्यानंतर आम्ही ठरवलं की आक्कांना दिव्यासमोर बसवायचं नाही, उजेड जिथे आहे तिथे जाऊन बसायचं. माझा भाचा पुण्यात लग्नाचे व्हिडिओ काढतो. तो फोनवर म्हणाला, "मामी, सूर्याएवढा मोठा लाइट कुणाकडेच नाही. फक्त तो आपल्याला हलवता येत नाही, म्हणून माणसाला हलवायचं." त्याने काही आकडे सांगितले आणि आकडे म्हटले की मला बरं वाटतं. उजेड लक्समध्ये मोजतात. भर उन्हात तो साधारण एक लाख लक्स असतो. ढगाळ दिवशी उघड्यावर दहा-वीस हजार. आणि रात्री घरात ट्यूबलाइटखाली शंभर-दोनशे. आपल्या डोळ्यांना हा फरक एवढा जाणवत नाही, कारण डोळे पटकन सावरून घेतात. फोनला ते जमत नाही. म्हणून रात्री घरात काढलेला व्हिडिओ रवाळ, दाणेदार दिसतो आणि अंगणालगतच्या सावलीत काढलेला स्वच्छ. सावली म्हटली तरी तिथे काही हजार लक्स असतातच.

मग मी एक वही केली. आठवडाभर दर तासाला सोपा, अंगण आणि गच्ची इथे ऊन कुठवर आलं, सावली कुठे पडली, चेहऱ्यावर उजेड कसा दिसतो, हे लिहीत गेले. घरातल्यांनी थोडी थट्टा केली. पण किराणा मालाचा हिशोब ठेवणाऱ्या बाईला उन्हाचा हिशोब ठेवणं काही अवघड नाही.

वहीतली पहिली गोष्ट तर आपल्या सगळ्यांना आधीपासून ठाऊक आहे, फक्त त्या कामासाठी आपण ती कधी वापरली नव्हती. आपल्या घरांत पंचांगातली सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ रोज बघितली जाते. सूर्योदयानंतर दोन घटका आणि सूर्यास्ताआधी दोन घटका खायचं नाही, असा नियम बऱ्याच जणी पाळतात. सकाळच्या नियमाला काही घरांत नवकारशी म्हणतात. दोन घटका म्हणजे ४८ मिनिटं. व्हिडिओवाले ज्या वेळेला सोनेरी वेळ म्हणतात आणि जिच्यासाठी धावतपळत येतात, ती हीच. सूर्य खाली असतो, त्याचे किरण हवेच्या जाड थरातून तिरके येतात, निळा रंग वाटेतच विखुरतो आणि आपल्यापर्यंत पिवळसर, मऊ उजेड पोहोचतो. डोळ्यांना तो टोचत नाही. वयस्कर माणसाच्या सुरकुत्या त्यात दिसतात, पण ओरबाडल्यासारख्या दिसत नाहीत.

संध्याकाळचा उजेडही तसाच असतो. पण आपल्याकडे ती वेळ म्हणजे स्वयंपाकघरातली घाई. दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकायची असतात, तेव्हा फोन घेऊन कोण बसणार? सकाळी मात्र उलट असतं. दर्शन झालेलं आहे, अजून चुलीवर काही चढलेलं नाही, घर शांत आहे. आक्का तेव्हा सोप्यात जपमाळ घेऊन बसलेल्याच असतात. म्हणून आम्ही सकाळ निवडली. आमच्या सांगलीकडे मे महिन्यात सूर्योदय सहाच्या सुमाराला होतो आणि जानेवारीत सात वाजून गेल्यावर. थंडीत म्हाताऱ्या माणसाला पहाटे उठवावं लागत नाही, हाही एक फायदा धरा.

वहीतली दुसरी गोष्ट दुपारची. आपल्याला वाटतं, दुपारी उजेड भरपूर, तेव्हा व्हिडिओ चांगला येईल. पण दुपारचं ऊन डोक्यावरून पडतं. कपाळ आणि नाक चमकतं आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो. आमच्या भागात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तर सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच जिरते. आणि ते घडतं बाराला नाही, साडेबाराच्या सुमाराला, कारण आपलं घड्याळ आपल्यापेक्षा बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेलं आहे. अकरा ते तीन वाळवण वाळू द्यावं, माणसाचा चेहरा त्या वेळी उघड्यावर टिपू नये.

तिसरी गोष्ट सोप्याची. ज्यांच्या घरी जुना सोपा आहे त्यांनी तो मोडायच्या आधी एकदा तरी तिथे व्हिडिओ काढून बघावा. वर छप्पर असल्यामुळे डोक्यावरचं ऊन येत नाही आणि समोरच्या उघड्या अंगणातून उजेड सरळ चेहऱ्यावर येतो. माणसाला अंगणाकडे तोंड करून, सोप्याच्या कडेपासून दोन-तीन फूट आत बसवायचं आणि आपण अंगणाच्या बाजूला उभं राहायचं. माणूस आणखी आत गेला की उजेड कमी होतो, अगदी कडेला आला की वरून ऊन लागतं. आणि आपण आतून बाहेर बघत व्हिडिओ काढला तर मागचं अंगण लख्ख दिसतं आणि माणूस काळा होतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हेच बाल्कनीत करावं.

आमचा सोपा दक्षिणेकडे तोंड करून आहे. सकाळी उजेड डाव्या बाजूने येतो. आक्कांना समोर बघून बसवलं की अर्धा चेहरा उजळ आणि अर्धा अंधारात. मग आम्ही पाट थोडासा पूर्वेकडे फिरवला आणि काम झालं. भाच्याने त्यावर एक गंमत सांगितली. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये एडिसनच्या कंपनीने १८९३ मध्ये चित्रण करण्यासाठी एक इमारत बांधून पूर्ण केली होती. तिचं छप्पर उघडायचं आणि अख्खी इमारत गोल रुळावर फिरवता यायची, सूर्य जिकडे जाईल तिकडे. त्यांनी इमारत फिरवली, आपल्याला पाट फिरवून भागतं.

सोप्यात आम्ही चार-पाच सकाळी व्हिडिओ काढले. आक्का मोकळेपणाने बोलल्या. पण खरा व्हिडिओ झाला तो गच्चीवर, सांडग्यांच्या दिवशी.

दर उन्हाळ्यात चातुर्मासाच्या आधी आमच्याकडे मुगाचे सांडगे होतात. तुमच्याकडेही होत असतील. गाळलेल्या पाण्यात डाळ भिजवायची, जाडसर वाटायची, हिंग, जिरं, मिरची, मीठ. दिवस मावळायच्या आत वरचा ओलावा जायला हवा म्हणून नऊच्या आत घालायला बसावं लागतं. आक्कांना आता घालणं जमत नाही, पण देखरेख त्यांचीच. त्यांना उन्हात बसवायचं नव्हतं. गच्चीवर जिन्याची खोली आहे, साधारण आठ फूट उंच. सकाळी तिची सावली पश्चिमेला पडते. मी मापून ठेवलं होतं. मे महिन्यात नऊ वाजता ती सावली नऊ-दहा फूट असते, दहाला पावणेसहा आणि अकराला जेमतेम तीन. म्हणजे आमच्या हातात तासभर होता. आक्कांना भिंतीला टेकून पाटावर बसवलं, तोंड पश्चिमेला. त्यांच्या समोर, सावली जिथे संपते तिथे, उन्हात पांढरं धोतर अंथरलं आणि त्यावर आम्ही सांडगे घालायला लागलो.

फोन हातात घेऊन मी आक्कांकडे बघितलं आणि बघतच राहिले. धोतरावर पडलेलं ऊन उलटून त्यांच्या चेहऱ्यावर आलं होतं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, हनुवटीखालची सावली, सगळं उजळून निघालं होतं आणि त्यांना डोळे मिचकावावे लागत नव्हते, कारण ऊन थेट नव्हतंच. सांडग्यांसाठी अंथरलेलं धोतर दोन कामं करत होतं.

भाच्याला ते दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "आम्ही याला रिफ्लेक्टर म्हणतो आणि पैसे मोजून घेतो." आणि मग आम्हाला सरस्वतीबाई फाळके आठवल्या. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला. त्याचं चित्रण दिवसा उजेडी व्हायचं आणि फिल्म धुणं रात्री. फिल्मच्या कडेला भोकं पाडणं, ती धुणं, छापणं या कामात सरस्वतीबाई होत्या आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. चित्रण चालू असताना पांढऱ्या चादरी धरून त्या उन्हात उभ्या राहायच्या, असंही त्यांच्याबद्दल लिहिलेलं वाचायला मिळतं. म्हणजे या देशातल्या पहिल्या चित्रपटांमागेही एका गृहिणीच्या हातची पांढरी चादर होती. आपल्याला हे काम परकं वाटायचं काही कारण नाही.

त्या दिवशी आक्का अकरा मिनिटं बोलल्या. कुणी काही विचारलं नव्हतं. धोतराकडे बघत त्या आपणहून सांगायला लागल्या. त्यांचं माहेर बेळगावकडचं. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना फक्त कन्नड येत होतं. मराठीचं एक अक्षर येत नव्हतं आणि माझ्या आजेसासूबाईंना कन्नड येत नव्हतं. दोघींची भाषा जुळली ती वाळवणं घालताना, धाब्यावर. "मी 'बिसिलु' म्हटलं की त्या वर बोट दाखवून म्हणायच्या 'ऊन'. मी 'नेरळु' म्हटलं की म्हणायच्या 'सावली'. संध्याकाळी तेच शब्द परत विचारायच्या. असं करत मी मराठी शिकले." लग्नानंतर पहिली दोन वर्षं त्या रडल्या की कन्नडमध्ये रडायच्या, म्हणजे कुणाला कळायचं नाही, हे त्यांनी हसत सांगितलं. मला या घरात येऊन अडतीस वर्षं झाली होती. यातलं काहीच मला माहीत नव्हतं.

आता तुम्हाला उपयोगी पडतील अशा थोड्या गोष्टी वहीतून उतरवते.

फोनच्या पडद्यावर माणसाच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये उजेड आणि फोकस तिथेच पक्का होतो. तो पक्का केला नाही तर मध्येच कुणी पांढरं पातळ नेसून मागून गेलं तरी फोन चेहरा काळा करून टाकतो. बोट दाबल्यावर छोटं सूर्याचं चिन्ह येतं, ते किंचित खाली सरकवावं. थोडा गडद व्हिडिओ नंतर सुधारता येतो. चेहरा पांढराफटक झाला तर त्यात काही उरत नाही.

लिंबाच्या किंवा आंब्याच्या झाडाखाली बसवू नये. पानांतून उन्हाचे कवडसे पडतात आणि वारा आला की ते चेहऱ्यावर नाचतात. झाडाची सावली हवीच असेल तर गर्द, न हलणारी बघावी.

ढगाळ दिवस वाया गेला असं समजू नये. सगळं आभाळच एक मोठं पांढरं छत होतं आणि सावल्या विरघळतात. फक्त उजेड वरून येतो, म्हणून मांडीवर पांढरा पंचा टाकावा. बघणाऱ्याला तो दिसणार नाही अशा बेताने फोन धरावा. ऊन-ढग, ऊन-ढग चाललं असेल तर मात्र थांबावं. एक ढग पूर्ण येऊ द्यावा किंवा पूर्ण जाऊ द्यावा.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. म्हणून माणसाचं बोलणं आधी टिपावं, हातांचं काम नंतर. चिमटीतून सांडगा कसा सोडायचा, पापड कसा लाटायचा, हे जवळून टिपताना उजेड थोडा बदलला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. चेहऱ्यावरचा बदल लगेच दिसतो. काम दोन दिवस चालणार असेल तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बसावं.

फोनची काच मऊ कापडाने पुसून घ्यावी. आपल्या हातांना तेल, हळद, पीठ काही ना काही असतंच आणि उन्हाकडे फोन वळला की त्या बोटांच्या ठशाचा धुरकट पडदा होतो.

आणि एक गोष्ट आपल्या आचाराशी जुळणारी. पावसाळ्यात संध्याकाळी अंगणात मोठा दिवा लावला की किती पाखरं, किडे त्यावर झेपावतात आणि सकाळी खाली मरून पडलेले असतात, हे आपण बघितलेलं आहे. दिवसाच्या उजेडात काम उरकलं तर तो प्रश्नच येत नाही.

या पुढचं लिहिणं थोडं जड आहे. त्याच वर्षी श्रावणात आक्कांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, उजवा हात गेला आणि बोलणं अस्पष्ट झालं. मराठी शब्द फारसे येत नाहीत. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात काही वेळा नंतर शिकलेली भाषा मागे पडते आणि लहानपणची राहते. सुरुवातीचे काही दिवस त्या सकाळी खाटेवरून खिडकीकडे बघून काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणायच्या. आम्हाला वाटायचं पाणी हवंय, कूस बदलून हवीय. पाणी दिलं की त्या तोंड फिरवायच्या. एके दिवशी माझी नात, वय नऊ, शेजारी बसली होती. ती म्हणाली, "आजी, पणजी 'बिसिलु' म्हणतेय. व्हिडिओत आहे ना तो शब्द. तिला उन्हात बसायचंय."

आम्ही त्यांना खुर्चीत बसवून सोप्यात आणलं. तेव्हापासून रोज सकाळी दोन घटका त्या तिथेच असतात. ऊन चढलं की नात विचारते, "नेरळु?" आणि आक्का मान हलवतात.

तो व्हिडिओ लाइट येईपर्यंत थांबला असता तर तो झालाच नसता, कारण आमच्याकडे लाइट अजूनही आलेला नाही. तुमच्या घरात आक्कांच्या वयाचं कुणी असेल तर उद्याची सूर्योदयाची वेळ आजच पंचांगात बघून ठेवा. फोन चार्ज करून ठेवा, त्यात जागा आहे का ते बघा. सकाळी त्यांना त्यांच्या नेहमीच्या जागी, उजेडाकडे तोंड करून बसवा, मांडीवर पांढरा पंचा टाका आणि माहेरचं एखादं वाळवण विचारा. बाकी त्या सांगतील.

जय जिनेंद्र.